वैयक्तिक जलवाहन : जनकत्वाचा प्रश्न

अमुक यंत्राचा शोध अमुक व्यक्तीने लावला, हे विधान पाठ्यपुस्तकास सोयीचे असले, तरी इतिहासास क्वचितच पुरेसे ठरते. आज सामान्यतः ‘जेट स्की’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जलवाहनाची हकीकत या दृष्टीने उद्बोधक आहे.

या वाहनाचे जनकत्व क्लेटन जेकबसन या अमेरिकन मोटारसायकलपटूस दिले जाते. पाण्यावर मोटारसायकलीप्रमाणे चालेल असे वाहन, ही कल्पना घेऊन १९६० नंतरच्या दशकात त्याने पहिला नमुना सिद्ध केला, हे खरे. परंतु त्यातील जलझोताचे तत्त्व त्याचे नव्हे. न्यूझीलंडच्या उथळ, खडकाळ नद्यांत नावेचा पंखा आपटून मोडे. म्हणून विल्यम हॅमिल्टन याने १९५० नंतरच्या दशकात जलझोतावर चालणाऱ्या नावा घडविल्या. तळातून पाणी ओढावयाचे व मागील तोंडातून वेगाने फेकावयाचे. तोंड वळविले की नाव वळते. पाण्यात पडलेल्या स्वारास उघड्या पंख्याचा धोका राहू नये, ही गरजही या योजनेने आपोआप भागली.

निर्मात्यांचा वाटाही लहान नाही. कॅनडातील बाँबार्डिए कंपनीने १९६८ साली बसून चालवावयाचे ‘सी-डू’ बाजारात आणले; ते अल्पायुषी ठरले. पुढे कावासाकीने जेकबसनच्याच कल्पनेवरून उभ्याने चालवावयाचे ‘जेट स्की’ काढले व ते रुजले. मात्र त्यावर तोल सांभाळण्यास सराव लागे. १९८० नंतरच्या दशकात यामाहाने बैठे वाहन आणले, १९८८ साली ‘सी-डू’ही परतले, आणि एकदा फसलेला घाटच अखेर सर्वमान्य झाला. अपयश कल्पनेचे की काळाचे, हा प्रश्न येथे अभ्यासकाने विचारावयास हवा.

प्रसाराबरोबर तक्रारीही वाढल्या. द्विघाती एंजिनांतील न जळलेले इंधन पाण्यात मिसळे. आवाजाचा उपद्रव निराळाच. २००० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने आपल्या बहुतेक क्षेत्रांत या वाहनांना मज्जाव केला. त्यानंतरच्या वर्षांत चतुर्घाती एंजिने रूढ झाली, त्यामागे प्रदूषणविषयक निर्बंधांचाही दाब होता.

तात्पर्य, कल्पना एकाची, तत्त्व दुसऱ्याचे, आणि लोकांच्या तोंडी बसलेले नाव तिसऱ्याच्याच व्यापारचिन्हाचे. अशा वस्तूचा इतिहास शोधकाच्या चरित्राने संपत नाही. नदीचा तळ, बाजार आणि कायदा यांनाही त्यात स्थान द्यावे लागते.