पीठ : शब्द आणि परंपरा

देवमूर्ती ज्या घडीव बैठकीवर प्रतिष्ठित होते तीस पीठ अथवा पीठिका म्हणतात. शिवलिंगाच्या बाबतीत हिलाच शाळुंका हे नाव आहे. संस्कृतात पीठ म्हणजे आसन. घरातील पिढे हे त्याचेच तद्भव रूप. दळलेले पीठ मात्र ‘पिष्ट’ या निराळ्या शब्दापासून आले आहे. पुढे आसनाचे नाव आसनावरील अधिकारास लाभले. मठाधिपतींचे पीठारोहण, विद्यापीठ, व्यासपीठ हे शब्द त्यातूनच सिद्ध झाले. धारवाडात २००८ साली उच्च न्यायालयाचे फिरते पीठ आले व २०१३ साली ते स्थायी खंडपीठ झाले, तेथेही हाच शब्द आहे.

देवालयात पिठाचे कार्य केवळ आधाराचे नाही. शिल्पशास्त्रानुसार लिंगाचे तीन भाग असतात. तळाचा चौकोनी ब्रह्मभाग व मधला अष्टकोनी विष्णुभाग पिठात राहतात; वरचा वर्तुळाकार रुद्रभाग तेवढा दर्शनास येतो. मूर्ती व पीठ यांचा सांधा अष्टबंधाने दृढ करतात. अभिषेकाचे तीर्थ पिठाच्या प्रणालातून बाहेर पडते, आणि ते न ओलांडण्याच्या संकेतामुळेच शिवालयात अर्धप्रदक्षिणा रूढ झाली.

पीठ हा इतिहासाचा साक्षीदारही आहे. मूर्ती नाहीशी झाली तरी पिठावरील गरुडावरून विष्णू व सात अश्वांवरून सूर्य ओळखता येतो. दात्याचे नाव व प्रतिष्ठेचा काळ सांगणारे लेख अनेकदा पिठावरच कोरलेले आढळतात. कर्नाटकातील जुन्या शिलालेखांत अग्रहारांच्या महाजनांकडे देवाच्या दानभूमीची व्यवस्था सोपविल्याचे उल्लेख येतात, ते अशाच कोरीव अक्षरांमुळे आज ज्ञात आहेत.

१५६० साली श्रीमंगेशाचे लिंग कुशस्थळीहून प्रियोळ येथे नेण्यात आले. संकटकाळी देव हलविता आला, मूळ देवालय मात्र मागेच राहिले. आज तसे संकट नाही. तथापि जीर्णोद्धाराच्या उत्साहात जुने पीठ काढून गुळगुळीत संगमरवर बसविला जातो, आणि त्यावरील अक्षरे कोणी वाचण्यापूर्वीच तो पाषाण नदीत विसर्जित होतो. विधीने विसर्जन आवश्यक असेल, तरी तत्पूर्वी पिठाचे माप, छायाचित्र व लेखाचा ठसा घेऊन दप्तरी ठेवणे हे महाजनांचे कर्तव्य होय. पूर्वजांनी देवास दिलेल्या आसनावर त्यांची स्वतःची नावेही असू शकतात.