ॲप वारंवार बंद पडत असल्यास : दोष कुठे शोधावा?

स्मार्टफोनवरील एखादे ॲप उघडताच बंद पडते, पुन्हा उघडले की पुन्हा बंद पडते, आणि पडद्यावर ते ॲप वारंवार थांबत असल्याचा संदेश येतो. अशा वेळी दोष त्याच ॲपचा आहे असे समजून बहुतेक वापरकर्ते ते काढून टाकतात व नव्याने घेतात. अनेकदा त्याचा उपयोग होत नाही, कारण बिघाड ॲपमध्ये नसून त्याखाली काम करणाऱ्या प्रणालीच्या घटकात असतो.

मार्च २०२१ मध्ये याचा अनुभव जगभरातील अँड्रॉइड वापरकर्त्यांना आला. २२ मार्च रोजी, भारतीय वेळेनुसार २३ मार्चच्या पहाटेपासून, जीमेलसह अनेक ॲप्स उघडताच बंद पडू लागली. फोन नवे होते, ॲप्स निरनिराळ्या कंपन्यांची होती, तरी लक्षण एकच होते. मूळ दोष ‘अँड्रॉइड सिस्टम वेबव्ह्यू’ या घटकात असल्याचे लवकरच स्पष्ट झाले. सॅमसंगच्या अमेरिकेतील ग्राहक सेवेने वेबव्ह्यूची नवी आवृत्ती काढून फोन पुन्हा सुरू करण्याचा सल्ला दिला. त्यानंतर गूगलने सुधारित आवृत्ती उपलब्ध करून दिली आणि वेबव्ह्यू व क्रोम ही दोन्ही ॲप्स प्ले स्टोअरमधून अद्ययावत करण्यास सांगितले.

वेबव्ह्यू म्हणजे काय, हे समजल्यास पुढील उपायांचा क्रम आपोआप लक्षात येतो. ॲपच्या आत जेव्हा एखादे संकेतस्थळाचे पान दाखवले जाते, उदाहरणार्थ बातमीचा दुवा, बँकेच्या नियमांचे पान किंवा पैसे भरण्याचा तक्ता, तेव्हा ते पान रेखाटण्याचे काम ॲप स्वतः करीत नाही. ते वेबव्ह्यूकडे सोपवले जाते. हा घटक प्रत्येक ॲपच्या अंगात शिरून काम करतो. त्यामुळे तो कोसळला की ज्या ॲपने त्याला बोलावले ते ॲपही कोसळते. पडद्यावर मात्र नाव येते ते त्या बिचाऱ्या ॲपचे. साधी दूरध्वनी सेवा, लघुसंदेश, घड्याळ यांना बहुधा वेबव्ह्यूची गरज नसते, म्हणून ती चालू राहतात. निदानासाठी ही खूण फार उपयोगी आहे. एकच ॲप बंद पडत असेल तर संशय त्या ॲपवर घ्यावा. परस्परांशी संबंध नसलेली तीन-चार ॲप्स एकाच दिवशी बंद पडू लागली तर प्रणालीवर.

२०१४ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ५ पासून वेबव्ह्यू प्ले स्टोअरमधून स्वतंत्रपणे अद्ययावत होतो. अँड्रॉइड ७, ८ आणि ९ या आवृत्त्यांमध्ये मात्र हे काम सामान्यतः क्रोमकडेच असते. त्यामुळे जुना फोन असल्यास वेबव्ह्यू शोधत बसण्यापेक्षा आधी क्रोम अद्ययावत करावे. अँड्रॉइड १० पासून दोन्ही पुन्हा वेगळे झाले. आयफोनमध्ये असा घटक स्वतंत्रपणे बदलता येत नाही. तो संपूर्ण प्रणालीबरोबरच सुधारला जातो.

पहिला उपाय फोन बंद करून पुन्हा सुरू करण्याचा. तो क्षुल्लक वाटतो, पण जून २०२१ मध्ये गूगल ॲप वारंवार बंद पडू लागले तेव्हा खुद्द गूगलनेही हाच सल्ला दिला होता. त्यानंतर प्ले स्टोअरमध्ये ‘अँड्रॉइड सिस्टम वेबव्ह्यू’ व ‘क्रोम’ ही नावे शोधून दोन्ही अद्ययावत करावीत. नव्या आवृत्तीनंतरच त्रास सुरू झाला असेल आणि सुधारणा अद्याप आली नसेल, तर सेटिंग्जमधील ॲप्सच्या यादीत प्रणालीची ॲप्स दाखवण्याचा पर्याय निवडून वेबव्ह्यू उघडावा. वरच्या कोपऱ्यातील तीन ठिपक्यांत अपडेट काढून टाकण्याची सोय असते. हा उपाय तात्पुरता समजावा. जुन्या आवृत्तीत सुरक्षेच्या त्रुटी असू शकतात, म्हणून सुधारणा येताच ती घ्यावी.

फोनमधील साठवणुकीची जागा जवळजवळ संपली असल्यासही प्रणालीची ॲप्स कोसळतात आणि अपडेटही अडून राहते. अशा वेळी चित्रफिती दुसरीकडे हलवून जागा मोकळी करावी.

यापुढची पायरी जपून उचलावी लागते. ॲपच्या साठवणूक पानावर ‘कॅशे साफ करा’ आणि ‘डेटा साफ करा’ असे दोन पर्याय शेजारी शेजारी असतात. पहिल्याने तात्पुरत्या फायली जातात, नुकसान काही नाही. दुसऱ्याने ॲप नव्या कोऱ्या अवस्थेत येते. खाते, सेटिंग आणि फोनवरच जपलेली नोंद पुसली जाते. शेजारी शेजारी असल्यानेच हे दोन पर्याय घोटाळा करतात. पेमेंट ॲपचा डेटा पुसल्यास सिम कार्डावरून नोंदणीची पडताळणी पुन्हा करावी लागते.

एवढ्यानेही सुधारणा न झाल्यास फोन ‘सेफ मोड’मध्ये सुरू करावा. बहुतेक फोनांत वीज बंद करण्याच्या पर्यायावर बोट दाबून धरल्यास ही विचारणा होते. या अवस्थेत वापरकर्त्याने घेतलेली ॲप्स निष्क्रिय राहतात. त्रास थांबला, तर दोषी अलीकडे घेतलेले एखादे ॲप आहे. संपूर्ण फोन पुसून मूळ स्थितीत आणणे हा शेवटचा मार्ग. त्यापूर्वी छायाचित्रांची प्रत काढावी आणि गूगल खात्याचा पासवर्ड आठवतो का, याची खात्री करावी. पुसलेला फोन सुरू होताना पूर्वीचे खाते मागू शकतो, आणि ते न दिल्यास फोन पूर्णपणे अडतो.

प्रवासात ही अडचण अधिक जाचते. दिल्ली–मुंबई लोहमार्गावरील वीरांगना लक्ष्मीबाई झाशी स्थानकावर गाडी येण्याच्या सुमारास आरक्षणाचे ॲप बंद पडले, तरी तिकीट हरवले असे होत नाही. आरक्षणानंतर आयआरसीटीसीकडून आलेला लघुसंदेश आणि मूळ ओळखपत्र तपासनिसाला दाखवता येते. तो लघुसंदेश पुसू नये, एवढी काळजी पुरेशी आहे. पैशांसाठी *९९# ही इंटरनेटविना चालणारी सेवा आहे. तिची नोंदणी आधीच करून ठेवलेली बरी.

बुंदेलखंडातील उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. झाशीत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणे नवे नाही, तर ॲपल आपल्या फोनसाठी ३५ अंशांपर्यंतचे तापमान योग्य मानते. तापलेला फोन मंदावतो, कॅमेरा बंद करतो, प्रसंगी स्वतःच बंद होतो. हा ॲपचा बिघाड नव्हे. फोन सावलीत ठेवून, आवरण काढून थंड होऊ द्यावा; फ्रीजमध्ये ठेवू नये, आत दव धरते.

नेवाळकरांच्या काळापासूनची मराठी कुटुंबे झाशीत आहेत. घरातील ज्येष्ठ तिथे आणि मुले पुण्या-मुंबईत, असे असल्यास ही दुरुस्ती दूरध्वनीवरूनच करावी लागते. आजी-आजोबांच्या फोनची भाषा बहुधा हिंदी असते. ‘ॲप्स’ म्हणून सांगितलेला पर्याय त्यांना ‘ऐप्लिकेशन’ असा दिसेल. म्हणून आपल्या फोनचीही भाषा तेवढ्यापुरती हिंदी करून घ्यावी, आणि एकेक पायरी त्यांच्याकडून वाचून घेत पुढे जावे. पडद्याचा ताबा देणारे ॲप घ्यायला सांगणाऱ्या अनोळखी ‘ग्राहक सेवे’ला मात्र नकार द्यावा. अशा ॲपमुळे पैसे गेल्यास १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर रक्कम पुढे जाण्यापूर्वी रोखली जाण्याची शक्यता अधिक असते.