नारू आणि पायऱ्यांची बारव

माझ्या आजीच्या घोट्याजवळ नारूचा व्रण होता. ऐन सुगीत पाय सुजायचा, फोडातून दोऱ्यासारखा किडा निघायचा. तो रोज थोडा थोडा काडीला गुंडाळत ती आठवडेच्या आठवडे पडून राही. मजुरी बुडे.

१९८४ साली देशात सुमारे ४०,००० रुग्ण मोजले गेले; महाराष्ट्रही त्यात होता. आकडे गावांचे. वस्तीचे काय? नारूचा पाय पाण्यात बुडाला की अळ्या सुटतात. सायक्लॉप्स नावाचा सूक्ष्म जीव त्या गिळतो आणि पाण्याबरोबर माणसाच्या पोटात जातो. वर्षभराने किडा बाहेर येतो. म्हणजे पायऱ्यांची बारव हेच त्याचे घर. ती पायरी आजीला बंद होती. सवर्णांचे पाय आत उतरत, आणि तेच पाणी वरून तिच्या घागरीत ओतले जाई. विटाळ मात्र आमचा! महाडचा सत्याग्रह १९२७चा. आजीची ही घागर त्यानंतरची.

औषध नव्हतेच. पाणी फडक्याने गाळणे, टेमिफॉस टाकणे, पायऱ्या बुजवणे, हातपंप बसवणे, एवढ्यावर १९९६ मध्ये राजस्थानात शेवटचा रुग्ण नोंदला गेला. २००० मध्ये देश नारूमुक्त ठरला. वस्तीने कितीदा मागूनही न मिळालेला हापसा या मोहिमेत आला. आजी त्याला शेवटपर्यंत 'नारूचा हापसा' म्हणे.