पहिली मिस इंडिया कोण? उत्तरं तीन, आणि तिन्ही बरोबर

चलथाण (जि. सुरत) : ‘भारताची पहिली मिस इंडिया कोण?’ स्पर्धा परीक्षेच्या गाइडात हा प्रश्न हमखास असतो. एका पुस्तकात उत्तर प्रमिला, दुसऱ्यात इंद्राणी रहमान, तिसऱ्यात मेहेर कॅस्टेलिनो. वाचणारा गोंधळतो. खरं तर तिन्ही उत्तरांना आधार आहे. कारण ‘मिस इंडिया’ हा सरकारी किताब कधीच नव्हता. ज्या मासिकाने किंवा आयोजकाने स्पर्धा भरवली, त्याने तो दिला.

सुरुवात धंद्यातून

चलथाण, कडोदरा, पलसाणा या पट्ट्यात साड्यांच्या रंगाई-छपाईवर अनेक घरं चालतात. माल खपायचा तर कॅटलॉगवरचा चेहरा लागतो, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. सौंदर्यस्पर्धांचा जन्मही असाच व्यवहारातून झाला. अमेरिकेतल्या अटलांटिक सिटी या समुद्रकाठच्या गावी उन्हाळी सुट्ट्या संपल्या की पर्यटक निघून जात. ते आणखी काही दिवस थांबावेत म्हणून १९२१ मध्ये जो सोहळा भरवला, त्यातूनच ‘मिस अमेरिका’ उभी राहिली. पहिली विजेती मार्गारेट गोर्मन अवघी १६ वर्षांची होती.

‘मिस युनिव्हर्स’च्या मुळाशी तर चक्क कपड्यांची कंपनी आहे. मिस अमेरिका किताब मिळाल्यावर योलांद बेटबीझ हिने स्विमसूट घालून जाहिरात करायला नकार दिला. स्पर्धेची प्रायोजक असलेली कॅटलिना ही स्विमसूट कंपनी चिडली आणि तिने १९५२ मध्ये ‘मिस यूएसए’ व ‘मिस युनिव्हर्स’ या स्वतःच्या स्पर्धा काढल्या. त्याआधी, १९५१ मध्ये, लंडनला एरिक मॉर्ली यांनी ‘मिस वर्ल्ड’ सुरू केली होती.

१९४७ : प्रमिला

भारतात पहिलं नाव येतं प्रमिला यांचं. मूळ नाव एस्थर व्हिक्टोरिया अब्राहम. कोलकात्याच्या बगदादी ज्यू कुटुंबात १९१६ साली जन्म, पुढे मुंबईच्या सिनेमात काम. स्टंटपटांमधली ही नटी १९४७ मध्ये मिस इंडिया ठरली, तेव्हा ती तिशीची होती. अभिनेते कुमार यांच्याशी तिचं लग्न झालेलं होतं आणि घरात मुलंही होती. वीस वर्षांनी, १९६७ मध्ये, तिची मुलगी नकी जहाँ हिनेही मिस इंडिया किताब मिळवला. आई आणि मुलगी दोघीही मिस इंडिया, अशी ही जोडी.

१९५२ : इंद्राणी रहमान

जागतिक मंचावर भारताचं नाव घेऊन पहिल्यांदा उभ्या राहिल्या त्या इंद्राणी रहमान. मूळच्या नृत्यांगना. आई रागिणी देवी अमेरिकन, वडील रामलाल वाजपेयी भारतीय. १९५२ च्या मिस इंडिया इंद्राणी त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच इथे पहिल्या मिस युनिव्हर्स स्पर्धेत उतरल्या. स्विमसूटवर कपाळाला टिकली आणि केसांत फुलं, असा त्यांचा थाट होता. त्या वेळी त्या वास्तुविशारद हबीब रहमान यांच्या पत्नी होत्या आणि एका लेकराची आईही. पुढे भरतनाट्यम आणि ओडिसी त्यांनी जगभर नेलं. १९६९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

१९६४ : मेहेर मिस्त्री

तिसरं उत्तर मेहेर मिस्त्री, म्हणजे पुढच्या मेहेर कॅस्टेलिनो. १९६४ मध्ये ‘फेमिना’ मासिकाने मिस इंडिया स्पर्धा सुरू केली. तिची पहिली विजेती त्या. नंतर त्यांनी फॅशनविषयक पत्रकारितेत नाव कमावलं.

इथे एक चूक टाळायला हवी. अभिनेत्री लीला नायडू यांचा उल्लेख बऱ्याच ठिकाणी ‘फेमिना मिस इंडिया १९५४’ असा सापडतो. पण फेमिना मासिकच १९५९ मध्ये सुरू झालं. १९५४ च्या किताबाला फेमिनाचं नाव लावणं म्हणजे बारशाआधी पाळण्यातलं नाव सांगणं.

एका वर्षी दोन मुकुट

फेमिनाच्या जोडीला ‘ईव्हज वीकली’ हे मुंबईचं दुसरं महिला साप्ताहिकही स्वतःची मिस इंडिया निवडायचं. त्यामुळे एकाच वर्षी दोन-दोन विजेत्या. १९६६ मध्ये फेमिनाच्या यास्मिन दाजी मिस युनिव्हर्सला गेल्या आणि तिसऱ्या उपविजेत्या ठरल्या. ईव्हज वीकलीच्या रीटा फारिया मिस वर्ल्डला गेल्या आणि थेट जिंकून आल्या.

रीटा मुंबईत वाढलेल्या, गोव्याच्या कुटुंबातल्या, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या विद्यार्थिनी. लंडनला जाताना जवळ पैसे जेमतेम, साडी उसनी आणि स्विमसूट पर्सिस खंबाटा यांच्याकडून मागून घेतलेला. १७ नोव्हेंबर १९६६ ला त्या मिस वर्ल्ड झाल्या. हा मान मिळवणारी ती पहिली आशियाई स्त्री. त्यानंतर बॉब होप यांच्यासोबत व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैनिकांसमोर गेल्या म्हणून देशात त्यांच्यावर टीकाही झाली. वर्षभराची जबाबदारी संपली, तशा त्या सिनेमाच्या वाटेला न जाता लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये शिकायला गेल्या आणि डॉक्टर झाल्या.

अट नंतर आली

आपल्याकडे सौंदर्यस्पर्धा म्हटलं की १९९४ च्या सुष्मिता आणि ऐश्वर्या आठवतात. त्यामुळे ‘लग्न झालं की हे दार बंद’ हे बहुतेकांनी गृहीतच धरलेलं. सुरुवात मात्र तशी नव्हती. भारताच्या पहिल्या दोन्ही मिस इंडिया लग्न झालेल्या आणि आई होत्या.

कडकपणा पुढे आला. १९५७ मध्ये लिओना गेज मिस यूएसए झाली, पण तिचं लग्न झालंय आणि तिला मुलं आहेत हे कळताच तिचा मुकुट काढून घेतला. ही अट मिस युनिव्हर्सने २०२३ च्या स्पर्धेपासून उठवली आणि विवाहित स्त्रिया व मातांना प्रवेश दिला. बातम्यांत तो मोठा बदल म्हणून गाजला. पण ज्या पहिल्या मिस युनिव्हर्सच्या मंचावर १९५२ मध्ये इंद्राणी उभ्या होत्या, तिथे एक विवाहित आई भारताची प्रतिनिधी होतीच.

थोडक्यात लक्षात ठेवण्यासाठी

पहिली मिस इंडिया : प्रमिला, १९४७.
मिस युनिव्हर्समध्ये भारताची पहिली प्रतिनिधी : इंद्राणी रहमान, १९५२.
पहिली फेमिना मिस इंडिया : मेहेर मिस्त्री (कॅस्टेलिनो), १९६४.
पहिली भारतीय आणि पहिली आशियाई मिस वर्ल्ड : रीटा फारिया, १९६६.

प्रश्नात ‘फेमिना’ हा शब्द आहे की नाही, ते आधी बघावं. उत्तर त्यावरच ठरतं.