हृदयगतीमापक घड्याळ : निवड आणि योग्य वापर

व्यायामाच्या वेळी हृदयाचे ठोके मोजणारे घड्याळ एकेकाळी केवळ स्पर्धात्मक खेळाडूंच्या मनगटावर दिसत असे. आता पहाटे फिरायला जाणारे ज्येष्ठ नागरिक, मॅरेथॉनची तयारी करणारे नोकरदार आणि व्यायामशाळेत जाणारे तरुण अशा सर्वांकडे ते आढळते. घड्याळाच्या तबकडीवर आकडा सहज दिसतो. मात्र तो कसा मिळतो, त्यावर कितपत विसंबावे आणि कोणत्या प्रसंगी तो बाजूला ठेवावा, याची माहिती घड्याळासोबत मिळतेच असे नाही. आकड्याचा चुकीचा अर्थ लावल्यास निरोगी व्यक्ती विनाकारण धास्तावते, तर प्रत्यक्ष धोक्यात असलेली व्यक्ती निर्धास्त राहते.

प्रयोगशाळेतून मनगटावर

हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर सूक्ष्म विद्युतलहर निर्माण होते. तिची नोंद घेणाऱ्या विद्युत हृदयालेखाच्या, म्हणजेच ईसीजीच्या तंत्राबद्दल डच शास्त्रज्ञ विलेम आइंटहोवेन यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. हेच तत्त्व मैदानावर आणण्याचे श्रेय फिनलंडकडे जाते. औलू विद्यापीठातील प्राध्यापक सेप्पो सायनायाकंगास यांनी १९७७ मध्ये पोलर ही कंपनी स्थापन केली आणि १९८० च्या दशकाच्या प्रारंभी छातीवरील पट्टा व मनगटी घड्याळ यांची बिनतारी जोडी बाजारात आणली. मनगटावरच प्रकाशाच्या साहाय्याने ठोके मोजणारी घड्याळे २०१० नंतरच्या दशकात सर्वसामान्यांपर्यंत पोहोचली.

मोजणीच्या दोन पद्धती

छातीपट्ट्यातील विद्युताग्रे त्वचेवरून हृदयाची विद्युतलहर टिपतात आणि ती माहिती बिनतारी संदेशाने घड्याळाकडे जाते. ठोक्याची नोंद थेट होत असल्याने वेग एकाएकी बदलला तरी आकडा लगेच बदलतो.

मनगटी पद्धतीत घड्याळाच्या मागील बाजूचे हिरवे एलईडी दिवे त्वचेवर प्रकाश टाकतात. रक्त हिरवा प्रकाश मोठ्या प्रमाणात शोषून घेते. प्रत्येक ठोक्याबरोबर मनगटातील रक्ताचे प्रमाण कमी-अधिक होते आणि परत येणाऱ्या प्रकाशातील त्या चढउतारावरून यंत्र ठोके मोजते. येथे हृदय नव्हे, तर मनगटातील रक्तप्रवाह मोजला जातो. म्हणूनच घड्याळ सैल असणे, मनगट वाकणे, थंडीमुळे रक्तप्रवाह मंदावणे किंवा त्वचेवर दाट गोंदण असणे, या कारणांनी आकडा चुकू शकतो. धावताना पावलांच्या तालालाच घड्याळ हृदयाचा ताल समजून बसते, असाही अनुभव येतो. सावकाश धावताना अचानक १७० वा १८० चा आकडा दिसला आणि श्वास मात्र शांत असेल, तर ही शक्यता प्रथम तपासावी.

निवड करताना

घड्याळ घेण्यापूर्वी व्यायामाचा प्रकार निश्चित करावा. चालणे, सावकाश धावणे आणि दिवसभराची सर्वसाधारण नोंद यांसाठी मनगटी घड्याळ पुरेसे ठरते. वेगवान व मंद धावण्याचे टप्पे आलटून पालटून घेणारे धावपटू, खडबडीत रस्त्यावरील सायकलपटू आणि वजन उचलणारे यांच्यासाठी छातीपट्टा अधिक विश्वसनीय असतो. पट्टा नंतर घ्यायचा विचार असल्यास, बाहेरील पट्ट्याशी जोडणी होण्याची सोय घड्याळात आहे काय, हे आधीच पाहावे. सर्व स्वस्त घड्याळांत ती नसते.

पोहणाऱ्यांनी जलरोधकतेची खूण पाहावी. ५ एटीएम, म्हणजे ५० मीटर, ही खूण स्थिर पाण्यातील दाबाच्या चाचणीची असते. त्याचा अर्थ ५० मीटर खोल सूर मारता येतो असा नव्हे. ब्लूटूथचा संदेश पाण्यातून जेमतेम काही सेंटीमीटर जात असल्याने, पोहण्यासाठी पट्टा घ्यायचा तर नोंद स्वतःजवळ साठवणारा घ्यावा.

पट्ट्याची लांबी, उन्हात आकडे वाचता येणे, एका चार्जिंगमध्ये मिळणारा वेळ आणि दुरुस्तीची सोय या बाबीही महत्त्वाच्या आहेत. भारतात स्मार्ट घड्याळांना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी अनिवार्य असून वेष्टनावरील नोंदणी चिन्ह पाहून घ्यावे.

खर्च झालेल्या उष्मांकांच्या आकड्यावर मात्र निवड ठरवू नये. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये सात मनगटी उपकरणांची ६० स्वयंसेवकांवर चाचणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी सहा उपकरणांची हृदयगतीतील चूक ५ टक्क्यांच्या आत होती. परंतु उष्मांकांच्या बाबतीत सर्वांत अचूक उपकरणाचीही सरासरी चूक २७ टक्के होती. घड्याळाने ‘जाळलेले’ उष्मांक पाहून आहार वाढविणे म्हणूनच योग्य नाही.

मर्यादा कशी ठरवावी

बहुतेक घड्याळे २२० मधून वय वजा करून कमाल हृदयगती ठरवितात. १९७१ पासून प्रचारात आलेले हे सूत्र ढोबळ अंदाज आहे. २००१ मध्ये सुचविण्यात आलेल्या दुसऱ्या सूत्रानुसार वयाला ०.७ ने गुणून ती संख्या २०८ मधून वजा करतात. साठ वर्षांच्या व्यक्तीची कमाल गती पहिल्या सूत्राने १६०, तर दुसऱ्याने १६६ येते. कोणतेही सूत्र घेतले तरी प्रत्यक्ष व्यक्तीत १० ते १२ ठोक्यांचा फरक सहज असू शकतो.

विश्रांतीच्या वेळची हृदयगती हिशेबात घेतल्यास मर्यादा अधिक नेमकी ठरते. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी सलग काही दिवस ठोके मोजून सरासरी काढावी. प्रौढांमध्ये ही गती सामान्यतः मिनिटाला ६० ते १०० असते. नियमित सराव करणाऱ्या खेळाडूंमध्ये ती याहूनही कमी आढळते. उदाहरणार्थ, पन्नास वर्षांच्या व्यक्तीची कमाल गती १७० आणि विश्रांतीची गती ७० असल्यास दोहोंतील अंतर १०० होते. मध्यम व्यायामासाठी या अंतराचे ४० ते ५९ टक्के विश्रांतीच्या गतीत मिळवावेत. म्हणजे ११० ते १२९ ठोके. १३० च्या पुढे व्यायाम जोरकस गणला जातो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा. घड्याळाचा खरा उपयोग येथे होतो. आपण समजतो तितके वेगाने चालत नाही, अथवा सावकाश धावण्याच्या दिवशीही अकारण जोर लावतो, हे त्यावरून ध्यानात येते.

वापरताना घ्यावयाची काळजी

मनगटी घड्याळ मनगटाच्या हाडापासून एक-दोन बोटे वर, सरकणार नाही इतपत घट्ट बांधावे. छातीपट्ट्याची विद्युताग्रे पाण्याने ओली करून पट्टा छातीच्या स्नायूंच्या खाली बसवावा आणि वापरानंतर धुऊन वाळवावा. घामातील क्षारांमुळे तो लवकर निकामी होतो. आकड्याविषयी शंका आल्यास थांबून मनगटावरील नाडी १५ सेकंद मोजावी व चारने गुणावे.

उष्ण व दमट हवेत त्याच वेगाला हृदयगती हळूहळू वाढत जाते. मुंबई, चेन्नई किंवा कोलकात्यात उन्हाळ्यात धावणाऱ्यांना याचा प्रत्यय येतो. चढणीवर, उंच प्रदेशात, अपुऱ्या झोपेनंतर आणि तापातही गती वाढते. अशा वेळी ठरलेला वेग गाठण्याचा हट्ट न धरता वेग कमी करणे श्रेयस्कर असते.

आकडा केव्हा बाजूला ठेवावा

रक्तदाब वा हृदयविकारासाठी मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल यांसारखी बीटा ब्लॉकर गटातील औषधे घेणाऱ्यांची हृदयगती औषधामुळे कमी राहते. वयाच्या सूत्राने आलेला आकडा गाठण्यासाठी अशा व्यक्तीने स्वतःला ताणणे धोकादायक ठरू शकते. ठोके अनियमित असणाऱ्यांनी आणि पेसमेकर बसविलेल्यांनीही मर्यादा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी. त्यांच्यासाठी बोलण्याची कसोटी सोपी आहे : मध्यम व्यायामात बोलता येते पण गाता येत नाही, जोरकस व्यायामात चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो. मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा कुटुंबात हृदयविकाराचा इतिहास असणाऱ्यांनी जोरकस व्यायाम सुरू करण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी.

सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे हृदयगती सामान्य दिसली याचा अर्थ हृदय निरोगी आहे असा होत नाही. हृदयाच्या रक्तवाहिनीतील अडथळा हे घड्याळ दाखवीत नाही आणि हृदयविकाराच्या झटक्यातही ठोके नेहमीसारखे असू शकतात. छातीत दडपण, डावा हात, जबडा वा पाठीकडे जाणारी वेदना, अकारण घाम, भोवळ किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप जाणवल्यास व्यायाम त्वरित थांबवावा, घड्याळात काय दिसते याची वाट पाहू नये आणि ११२ क्रमांकावर मदत मागवावी. घड्याळ ठोके मोजते. शरीराने दिलेली सूचना ओळखण्याचे काम मात्र ते बांधणाऱ्यालाच करावे लागते.