पोस्टानं आलेली पदवी आणि आमचा भाचा

परवा भाचा सुट्टीवर वडीगोद्रीला आला होता. जालन्याच्या एमआयडीसीत एका रोलिंग मिलमध्ये तो शिफ्ट इन्चार्ज आहे. डिप्लोमा झालेला, आठ वर्षांचा अनुभव. वर मॅनेजरची जागा निघाली, पण पदवी नाही म्हणून अर्जच घेतला नाही. चहा पिता पिता त्यानं खिशातून एक पत्रक काढलं. घरबसल्या बी.टेक., एका वर्षात, मागच्या तारखेचं. "मामा, ऐंशी हजार म्हणतेत. करून टाकू का?"

म्हणलं, थांब. आधी मागचं ऐक.

आपल्या मराठवाड्याला १९५८ पर्यंत स्वतःचं विद्यापीठ नव्हतं. निजामाच्या काळात विद्यापीठ म्हणजे हैदराबादचं उस्मानिया. २३ ऑगस्ट १९५८ ला औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ आलं, १९६० ला सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज. पण शिकायचं तर घर सोडून तिथं राहावं लागे. ज्याच्या पगारावर चूल पेटते, त्यानं काय करावं?

त्याच्यासाठी वाट हळूहळू तयार झाली. १९६२ ला दिल्ली विद्यापीठानं पत्राद्वारे शिक्षण सुरू केलं. १९८२ ला देशातलं पहिलं मुक्त विद्यापीठ हैदराबादला निघालं, १९८५ ला दिल्लीत इग्नू. इग्नूनं १९८७ ला शिकवायला सुरुवात केली तेव्हा अभ्यासक्रम फक्त दोन होते आणि त्यातला एक व्यवस्थापनाचा डिप्लोमा. म्हणजे नोकरी करणाऱ्यानं घरून मॅनेजमेंट शिकणं ही काही मागच्या दारानं आलेली गोष्ट नाही. पुढं १ जुलै १९८९ ला नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ झालं. राम ताकवले पहिले कुलगुरू.

इंजिनिअरिंगची कहाणी मात्र वेगळी. १९२० ला स्थापन झालेली इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स ही संस्था ए.एम.आय.ई.ची परीक्षा घ्यायची. दिवसा काम, रात्री अभ्यास, पेपर अवघड. पास झाला की बी.ई.च्या बरोबरीचा. पण ती बरोबरी ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदवलेल्यांनाच राहिली.

मधल्या काळात काही अभिमत विद्यापीठांनी एआयसीटीईची मान्यता न घेताच पोस्टानं बी.टेक. वाटलं. बढतीसाठी कितीतरी डिप्लोमावाल्यांनी ते घेतलं. ओडिशातल्या एका सरकारी महामंडळातल्या बढतीचा वाद सुप्रीम कोर्टात गेला आणि ३ नोव्हेंबर २०१७ ला निकाल लागला. त्या विद्यापीठांत २००१ ते २००५ मध्ये प्रवेश घेतलेल्यांना नव्यानं परीक्षा देऊन पदवी टिकवायची संधी मिळाली. त्यानंतरच्यांची पदवी रद्द, तिच्या जोरावर मिळालेली बढतीही गेली. फी भरली होती, अभ्यासही केला असेल. तरी हातात पदवी उरली नाही.

दोन्हीत फरक का, तर मला असं वाटतं. मॅनेजमेंटची प्रयोगशाळा म्हणजे माणसाचं कामाचं ठिकाणच. भाचा रोज पन्नास माणसं सांभाळतो, पुस्तक त्याला त्याचा हिशोब शिकवील. पण यंत्राचं प्रात्यक्षिक पाकिटात घालून कसं पाठवणार?

सप्टेंबर २०२२ ला यूजीसीनं स्पष्ट केलंय की मान्यता असलेली दूरशिक्षणाची पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची. सगळं वजन 'मान्यता असलेली' या दोन शब्दांवर आहे. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या वेबसाइटवर यादी असते. तिथं विद्यापीठाचं नाव दिसलं म्हणजे झालं असं नाही. तोच अभ्यासक्रम आणि आपल्या प्रवेशाचं वर्षही त्यात पाहिजे.

आता खरं बोलायचं तर भाच्याला थेट एम.बी.ए. होत नाही, डिप्लोमावर प्रवेश नाही. आधी तीन वर्षं पदवी, मग दोन वर्षं एम.बी.ए. इंजिनिअरचीच पदवी हवी असली, तर नोकरदारांसाठी वर्ग चालवणारं एआयसीटीई मान्य कॉलेज शोधायचं आणि तिथं हजर राहायचं.

"पाच वर्षं, मामा?" पोरगं हिरमुसलं. मलाही वाईट वाटलं. आठ वर्षं भट्टीपुढं उभं राहिलेल्याला कागदासाठी पुन्हा पाच वर्षं, हा काही न्याय नाही. पण मागच्या तारखेचा कागद एक दिवस हातची शिफ्टसुद्धा घालवील.

सोमवारी त्यानं कंपनीला लेखी विचारलंय, वरच्या जागेला नेमकी कुठली पदवी चालते. उत्तर आलं की ठरवू. पत्रक माझ्याकडंच ठेवून घेतलंय. असलं पत्रक तुमच्याही घरात आलं असेल तर पैसे भरायच्या आधी यादी बघा.