हजेरी आणि दाद

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली. पुढे टेल्को, बजाज ऑटो. तिथे माणसाचे माप हजेरीपटावर आणि काढलेल्या नगांवर ठरे. आमच्या पिंपळे सौदागरात शेते जाऊन सोसायट्या झाल्या, हिंजवडीला जाणारी पोरे राहायला आली, आणि माप बदलले. २००३ साली सुरू झालेल्या लिंक्डइनवर ती रोज आकडे बघतात: पोस्ट किती वेळा दिसली, किती प्रतिसाद आले, प्रोफाइल कोणी उघडले. मला आपला मुशायरा आठवतो. पहिला आकडा म्हणजे मांडवातली डोकी, दाद निराळी. शंभरदा दिसून पाच प्रतिसाद, म्हणजे पाच टक्के. शेजारचा नोकरी गेलेला मुलगा मात्र टक्केवारी सोडून ती पाच नावेच वाचतो. त्यांत भरती करणारा कोणी आहे का, एवढेच त्याला बघायचे असते.